मराठवाड्यातील आदिवासींची वैधता आणि निजामकाळचे दप्तर

कयाधूकाठ

आमची जमात आंध आणि आमचे गाव हिंगोली जिल्ह्यात, कळमनुरी तालुक्यात. ६ सप्टेंबर १९५० रोजी राष्ट्रपतींचा अनुसूचित जमातींचा आदेश निघाला, तेव्हा हैद्राबाद राज्यासाठी त्यात नऊच नावे होती: आंध, भिल्ल, चेंचू, गोंड, हिल रेड्डी, कोलाम, कोया, परधान आणि थोटी. आजच्या महाराष्ट्राच्या यादीतही पहिल्या क्रमांकावर आंधच आहे. जमातीचे नाव यादीत यावे म्हणून आमच्या वाडवडिलांना कधी मोर्चा काढावा लागला नाही, उपोषणाला बसावे लागले नाही. असे असूनही माझ्या पुतणीची जात वैधतेची फाइल दीड वर्ष जात पडताळणी समितीपुढे पडून आहे, आणि प्रवेशाच्या वेळी लिहून दिलेल्या हमीपत्राची मुदत आता संपत आली आहे.

समितीसाठी चौकशी करणाऱ्या दक्षता पथकाने दोन आक्षेप काढले आहेत. पहिला आक्षेप माझ्या वडिलांच्या, म्हणजे पुतणीच्या आजोबांच्या, शाळेच्या नोंदीवर आहे. ही नोंद निजाम राज्यातील कालगणनेप्रमाणे खुर्दाद १३४८ फसलीची, उर्दूत आणि हाताने लिहिलेली आहे. भाषांतरकाराने जातीच्या रकान्यातील शब्द ‘अंध’ असा वाचला, त्यामुळे ही जात आहे की शारीरिक व्यंग आहे याचा खुलासा करावा असे पत्र घरी आले. पुतणी हसली, तिच्या वडिलांना मात्र हसू आले नाही. शिवाय भाषांतरात प्रवेशाचे साल १९३८ आले आहे आणि आम्ही शपथपत्रात १९३९ लिहिले आहे, म्हणून हा विद्यार्थी तोच कशावरून, हाही प्रश्न त्याला जोडलेला आहे.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. वडिलांच्या धाकट्या भावाच्या नावापुढे त्याच रजिस्टरच्या उताऱ्यात ‘मराठा’ लिहिलेले आहे. सख्खे भाऊ, एकच शाळा, आणि कागदावर जाती दोन. आंधांची वेगळी बोली उरलेली नाही, आम्ही मराठीच बोलतो, कुणबी-मराठ्यांच्या गावात त्यांच्यासारखाच पेहराव करून राहतो. त्यामुळे लिहिणाऱ्याने पाहिले तसे लिहिले असेल, असा माझा तर्क आहे. तर्कावर फाइल पुढे जात नाही, हे मला कळते.

निजामकाळचे असे कागद ज्यांनी हाताळले आहेत त्यांनी मार्गदर्शन करावे. जमातीला मान्यता मिळून पंचाहत्तर वर्षे झाली असताना त्या जमातीतल्या माणसाला ती स्वतःपुरती पुन्हा मिळवावी लागते, याबद्दल या मंचावरील इतर जमातींच्या सभासदांचा अनुभव काय आहे, तेही वाचायला आवडेल.

निवृत्त महसुली

सालाचा गुंता आधी सोडवतो, कारण तो खरे तर गुंता नाहीच. हैद्राबादचे फसली वर्ष आजूर महिन्यापासून, म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होत असे. त्यामुळे फसली सालात सरसकट ५९० मिळवून चालत नाही. ऑक्टोबर ते डिसेंबरपर्यंतच्या तारखांना ५९० मिळवायचे आणि जानेवारी उजाडला की ५९१. आजूर, दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, अर्दिबेहेश्त आणि मग खुर्दाद, असा तो सातवा महिना, म्हणजे साधारण एप्रिल. तेव्हा खुर्दाद १३४८ म्हणजे १९३९ हेच बरोबर आणि आपले शपथपत्रही बरोबर आहे. भाषांतरकाराने डोळे झाकून बेरीज केली आहे. महिन्यांचा हा क्रम लेखी देऊन दुरुस्तीची विनंती करावी. माझ्या नोकरीच्या काळात अशा दुरुस्त्या मान्य झालेल्या मी पाहिल्या आहेत.

आता कोणत्या कागदातून काय सिद्ध होते, त्याविषयी. मराठवाड्यात बहुतेक लोक प्रथम १९५४-५५ चे खासरा पाहणी पत्रक शोधतात. तो कागद उत्तमच आहे, परंतु तो जमीन सांगतो, माणूस सांगतो, गाव सांगतो. जमात सांगत नाही. जमात सापडण्याची सर्वांत भरवशाची जागा म्हणजे शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर. तिथेच आपल्या लोकांची अडचण सुरू होते. ज्यांच्या घरातले मूल १९५० पूर्वी शाळेत गेले, त्यांना पुरावा सापडतो. डोंगरात, रानात राहणाऱ्या, शाळेचे तोंड न पाहिलेल्या कुटुंबाजवळ तो असणार कुठून? आपल्या वडिलांना त्या काळी कोणी शाळेत घातले, हे आपले भाग्य समजावे. माझ्या सज्जाच्या एका वाडीत तर १९६० नंतरच पहिले नाव रजिस्टरला लागले होते.

किनवट आणि माहूर भागातील सभासदांसाठी एक सूचना. किनवटचा भाग १९५६ मध्ये आदिलाबाद जिल्ह्यातून नांदेडकडे आला. त्याआधीचे काही कागद नांदेडला मिळत नसतील, तर ते नाहीतच असे समजू नये. आदिलाबादला आणि हैद्राबादच्या तारनाका येथील पुराभिलेखागारातही चौकशी करावी.

खंडपीठातला

मी छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात याच प्रकारची प्रकरणे चालवतो. आपल्या पुतणीचे प्रकरण कागद पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही, म्हणून सर्वसाधारण स्थिती तेवढी लिहितो.

आज जी समिती, जे दक्षता पथक आणि जी गृहचौकशी आपण अनुभवत आहात, तिचे मूळ सर्वोच्च न्यायालयाच्या १९९४ च्या माधुरी पाटील निकालात आहे. तो वादही आपल्या विषयातलाच होता: दावा महादेव कोळी जमातीचा आणि जुन्या शालेय नोंदी ‘हिंदू कोळी’ अशा. त्या निकालातील पद्धतीला महाराष्ट्राने पुढे कायद्याचे रूप दिले. तो २००१ चा २३ वा अधिनियम. आणि त्याच्या कलम ८ प्रमाणे सिद्ध करण्याचा भार अर्जदारावरच असतो. हे कलम अनेकांना अन्यायाचे वाटते. खोटे दावे रोखण्यासाठी ते आवश्यक होते, असे मला वकील म्हणून मान्य करावे लागते. परंतु ज्याच्याकडे कागद नाही त्याच्यावर कागदाचा भार टाकणे किती योग्य, ही वर ‘निवृत्त महसुली’ यांनी मांडलेली शंका त्यामुळे मिटत नाही.

दिलासा देणाऱ्या दोन गोष्टी आहेत. संविधानपूर्व काळातील नोंदींना अधिक महत्त्व द्यावे, हे २०११ च्या आनंद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे. जमातीच्या चालीरीती, देव, लग्नविधी विचारून जी आप्तभाव चाचणी घेतली जाते, तिच्यासंबंधी २४ मार्च २०२३ च्या ठाकूर जमातीच्या प्रकरणात न्यायालयाने स्पष्ट केले की ती निर्णायक कसोटी मानता येणार नाही. दोन पिढ्या शहरात वाढलेल्या मुलीला आजीच्या लग्नातील गाणे आले नाही, म्हणून तिची जमात जात नाही.

वडिलांकडच्या रक्तसंबंधातील कोणाला आधीच वैधता मिळाली आहे काय? मिळाली असल्यास ती दक्षता चौकशी होऊन मिळाली होती का, हे आधी तपासा.

कयाधूकाठ

दोघांचेही मनापासून आभार. सालाचा खुलासा वाचून दादाने आजच अर्ज लिहायला घेतला. माझ्या चुलतभावाला २००६ मध्ये वैधता मिळालेली आहे. चौकशीचा अहवाल त्याच्याकडे नाही, समितीकडे मागावा लागेल. गंमत अशी की तो चुलतभाऊ म्हणजे ज्यांच्या नावापुढे ‘मराठा’ लागले आहे, त्याच काकांचा मुलगा. त्याच्या वेळी तो उतारा कोणाच्या नजरेस आला नसावा. आता आम्ही त्याची वैधता पुढे केली, तर त्याचीच फाइल पुन्हा उघडेल काय, या भीतीने घरात दोन मते झाली आहेत.

गोदेचा कोळी

आपल्याला निदान पहिल्या यादीत जागा मिळाली होती. आमची स्थिती अशी की १९५० मध्ये महादेव कोळी हे नाव मुंबई राज्याच्या यादीत होते आणि हैद्राबादच्या यादीत नव्हते. नगर-नाशिककडचा आमचा सोयरा आदिवासी ठरला आणि गोदावरी ओलांडून इकडे दिलेली त्याची बहीण ठरली नाही. १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने क्षेत्रबंधन, म्हणजे राज्याच्या ठरावीक भागातच जमातीला मान्यता देण्याची अट, उठले आणि २७ जुलै १९७७ पासून यादी सबंध राज्याला लागू झाली, तेव्हा कुठे मराठवाड्यातील महादेव कोळी या नावाला कायद्याने अर्थ आला.

त्यातून निर्माण झालेली अडचण बाहेरच्यांच्या सहज लक्षात येत नाही. ज्या राज्यात ‘महादेव कोळी’ असे वेगळे लिहिल्याने काही मिळत नव्हते आणि न लिहिल्याने काही जात नव्हते, त्या राज्यातला मुनशी नुसते ‘कोळी’ लिहून मोकळा होत असे. उर्दूत तर ‘ळ’ हे अक्षरच नाही. ‘कोली’ लिहिलेले असते. आज समिती विचारते की १९५० पूर्वीच्या नोंदीत ‘महादेव’ हा शब्द का नाही. आणि राज्यात नुसते कोळी हे विशेष मागास प्रवर्गात मोडतात. एका विशेषणावर सात टक्के आरक्षण की दोन टक्के हे ठरते.

पेनगंगेपलीकडे

मी किनवट तालुक्यातील कोलाम आहे, पेशाने शिक्षक. चर्चा चांगल्या मार्गाने चालली आहे, तरीही एक कटू गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. तिच्यामुळे कोणी दुखावले गेल्यास आधीच क्षमा मागतो.

क्षेत्रबंधन उठल्यावर काय झाले, त्याचे आकडे जनगणनेत आहेत. १९७१ मध्ये महाराष्ट्रात अनुसूचित जमातींची संख्या सुमारे २९.५४ लाख होती. १९८१ मध्ये ती ५७.७२ लाख झाली. दहा वर्षांत कोणत्याही समाजाची संख्या जवळपास दुप्पट होत नाही. त्यात ‘गोदेचा कोळी’ यांच्यासारखे, सीमारेषेने बाहेर ठेवलेले खरे लोक आत आले, हे मी मानतो. परंतु नामसाधर्म्याच्या आधाराने आत आलेलेही होते, आणि त्यांची झळ पोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीवर, राहणाऱ्या माणसाला बसली. कोलाम ही राज्यातील तीन आदिम जमातींपैकी एक, कातकरी आणि माडिया गोंड यांच्या जोडीची. आमच्या घरात अजून कोलामी बोलली जाते. आमच्या नावाशेजारी यादीत ‘मन्नेरवारलू’ हे नाव आहे. आमच्या तेलुगू शेजाऱ्यांनी रानात राहणाऱ्या कोलामांनाच दिलेले ते नाव. ते नाव घेऊन शहरातील किती अर्ज समितीपुढे आले आणि त्यांतील किती न्यायालयापर्यंत गेले, ते ‘खंडपीठातला’ यांना माझ्याहून अधिक ठाऊक असेल. माझ्या शाळेतून बारावी झालेल्या मुलांपैकी नोकरीच्या रांगेपर्यंत पोचलेली मुले मी बोटांवर मोजू शकतो.

त्यामुळे समितीची चौकशी कडक असावी, असेच मला वाटते. फक्त तिने पोडावर येऊन पाहावे. आमच्याकडे दिवाळीत दंडार, म्हणजे आमचा पारंपरिक नाच, निघते, ती पाहायला कोणाला अर्ज करावा लागत नाही.

खंडपीठातला

गुरुजींचे दुःख खरे आहे आणि त्यांच्या भागातील अशा दाव्यांची संख्या मोठी आहे, हेही खरे. मात्र एक दुरुस्ती सुचवतो. आवाजाने जवळचे नाव असणारा प्रत्येक अर्जदार खोटाच असतो, असे गृहीत धरून कोणतीही समिती निर्णय देऊ शकत नाही; प्रत्येक फाइल तिच्या कागदांवर उभी राहते किंवा पडते. खोट्या दाव्यांपुरते पाहिले तर सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या जगदीश बहिरा निकालात नोकरीचे संरक्षण काढून घेतले, आणि त्यानंतर राज्य शासनाने २१ डिसेंबर २०१९ च्या निर्णयाने अशा कर्मचाऱ्यांना अधिसंख्य, म्हणजे मंजूर संख्येबाहेरच्या जादा, पदांवर वर्ग केले. आदिवासींसाठीच्या ज्या जागा रिकाम्या व्हायला हव्या होत्या, त्या कितपत भरल्या गेल्या, हा प्रश्न वैधता समितीला नव्हे, शासनालाच विचारायला हवा.

पालावरून

मी बीड आणि धाराशिव जिल्ह्यांत पारधी वस्त्यांवर काम करतो. वरील सर्व सभासदांजवळ निदान कागदात चूक आहे. आमच्या वस्तीवर चूक व्हायलाही कागद नाही. पारधी हे नाव हैद्राबादच्या त्या नऊ नावांत नव्हते. लोक फिरस्ते. गावाने गायरानात पाल टाकू दिले तर टाकायचे, नाही तर रात्रीतून उचलायचे. जन्म शेताच्या बांधावर आणि नोंद कुठेही नाही. रहिवासाचा पुरावा द्या म्हटले की तो गावाकडून आणावा लागतो, आणि जे गाव पालच ठेवू देत नाही ते दाखला काय देणार!

गेल्या वर्षी एका मुलीच्या प्रमाणपत्रासाठी घराण्याचा सर्वांत जुना कागद शोधायचा म्हणून आम्ही दोन महिने हिंडलो. शेवटी तो मिळाला एका पोलीस ठाण्याच्या जुन्या नोंदवहीत: पणजोबांचे नाव, जमात, आणि संशयित म्हणून त्यांच्यावर ठेवलेली पाळत. इंग्रजांनी १८७१ मध्ये केलेला गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण पाळतीची सवय गेली नाही. त्या सवयीनेच लिहिले गेलेले पान त्या मुलीच्या उपयोगी पडले. तिच्या आजीने ते पान अर्जाला जोडायला आधी साफ नकार दिला होता, आणि तिला समजावण्याचे शब्द माझ्याजवळ नव्हते. सुनेने समजावले.

तांड्यावरचा

विषयाला धरूनच एक प्रश्न आहे. २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयानंतर हैद्राबाद गॅझेटचा, म्हणजे निजाम राज्याच्या जुन्या सरकारी दस्तऐवजाचा, आधार कुणबी नोंदींसाठी घेतला जाऊ लागला. आम्ही बंजारा, महाराष्ट्रात विमुक्त जाती अ प्रवर्गात आहोत. सीमेपलीकडे तेलंगणात आमचेच लमाण भाऊबंद अनुसूचित जमातीत आहेत. जुने राज्य एकच होते, मग गॅझेटचा तोच न्याय आम्हाला का लागू होत नाही?

खंडपीठातला

प्रश्न रास्त आहे, उत्तर मात्र आपल्याला आवडणार नाही. कुणबी दाखल्याच्या बाबतीत कुणबी ही जात आधीच इतर मागासवर्गाच्या यादीत आहे, आणि ती यादी राज्याच्या अखत्यारीतील. तिथे प्रश्न ‘ही व्यक्ती कुणबी आहे का’ एवढाच उरतो. अनुसूचित जमातींची यादी अनुच्छेद ३४२ खाली येते. तिच्यात नाव घालणे किंवा काढणे फक्त संसदेच्या कायद्याने होते. यादी जशी आहे तशीच वाचायची, अमुक जात तमुक जमातीत मोडते असा पुरावा घेत बसायचे नाही, हे घटनापीठाने २८ नोव्हेंबर २००० च्या मिलिंद निकालात हलबा-कोष्टी प्रकरणी सांगितले. धनगर आणि धांगड या वादात मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये याचिका फेटाळल्या, त्याही याच भूमिकेतून.

तेलंगणातील लंबाडांचा समावेश १९७६ च्याच दुरुस्ती कायद्याने झाला, हे आपण म्हणता तसे खरे आहे. महाराष्ट्रात तसे व्हायचे असल्यास १९९९ मध्ये ठरलेल्या पद्धतीने राज्याने शिफारस करायची, मग भारताचे महानिबंधक आणि राष्ट्रीय अनुसूचित जमाती आयोग या दोघांची सहमती, आणि त्यानंतर विधेयक. कसोट्या अजून १९६५ च्या लोकुर समितीच्याच आहेत: आदिम लक्षणे, वेगळी संस्कृती, भौगोलिक अलगपणा, इतरांशी संपर्काचा संकोच आणि मागासलेपण.

पेनगंगेपलीकडे

‘संपर्काचा संकोच’ ही कसोटी वाचली की मला नेहमी नवल वाटते. जो माणूस कचेरीत जायला संकोचतो तो खरा आदिवासी, आणि त्याने ते कचेरीत जाऊन सिद्ध करायचे.

तांड्यावरचा

उत्तर पटले नाही, परंतु स्पष्ट आहे. धन्यवाद.

कयाधूकाठ

तीन आठवड्यांनंतर लिहितो आहे. ‘निवृत्त महसुली’ यांच्या सांगण्यावरून फसली सालाची दुरुस्ती मागितली होती, ती मान्य झाली. त्यानंतर उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या एका गुरुजींना घेऊन मी आणि दादा वडिलांच्या शाळेत गेलो आणि मुख्याध्यापकांच्या परवानगीने मूळ रजिस्टर पाहिले. आजवर आम्ही केवळ छायाप्रतीच पाहत होतो.

वडिलांच्या नोंदीत अलिफवर मद, म्हणजे ‘अ’चा ‘आ’ करणारी रेघ, आहे. शाई फिकी झाली आहे, पण भिंगातून स्वच्छ दिसते. छायाप्रतीत ती रेघ उमटलीच नव्हती, म्हणून ‘आंध’चे ‘अंध’ झाले. गुरुजींनी ती मला बोट ठेवून दाखवली तेव्हा दादा खिडकीशी जाऊन उभा राहिला.

काकांची नोंद पुढच्या पानावर आहे, आणि तिथे ‘मराठा’ हा शब्दच नाही. तिथे ‘ऐजन’ आहे, म्हणजे वरीलप्रमाणे. पानाच्या पहिल्या ओळीत एका मुलाची जात मराठा लिहिली आहे आणि खाली पान संपेपर्यंत मुनशींनी जातीच्या रकान्यात ऐजन, ऐजन असेच ओढत नेले आहे. काका नवव्या ओळीत आहेत. सहाव्या ओळीत शेख आडनावाचा एक मुलगा आहे. त्याच्यापुढेही ऐजनच आहे. उतारा देताना शाळेने ऐजनचा अर्थ लावून थेट ‘मराठा’ लिहून दिले होते, आणि ओळ एकच असल्याने वरचा शेख कोणाला दिसला नाही.

निवृत्त महसुली

फार चांगले झाले. आता उतारा मागू नका. त्या संपूर्ण पानाची, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याची सत्यप्रत मागा, आणि वडिलांच्या पानाची रंगीत प्रत घ्या, म्हणजे मद दिसेल. सुनावणीला मूळ रजिस्टर मागवून घेण्याचा अर्जही सोबत द्या.

कयाधूकाठ

दोन्ही अर्ज आज दिले. चुलतभावाने त्याच्या २००६ च्या वैधतेची प्रत स्वतःहून आणून दिली. सुनावणी पुढच्या महिन्यात आहे. उर्दूचे गुरुजी सोबत येणार आहेत.